तिकीट हातात, जागेचं काय?

वसईकराला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. तिकीट वेगळं आणि जागा वेगळी! खिशात फर्स्ट क्लासचा पास असला, तरी सकाळी आठला वसईहून चर्चगेट लोकलमध्ये पाय ठेवायला मिळेलच, याची गॅरंटी नाही. म्हणून तर हुशार मंडळी पास विरारचा काढतात, आधी उलटं विरारला जातात आणि तिथून खिडकीत बसून ऐटीत येतात. पण वर्ल्ड एक्स्पोला निघालो, की हाच फंडा आपण साफ विसरतो. मीही विसरले.

दुबईचा 'एक्स्पो २०२०' कोरोनामुळे लांबला आणि १ ऑक्टोबर २०२१ ते ३१ मार्च २०२२ असा भरला. १९०हून जास्त देश एकाच आवारात! आई-बाबांना पहिल्यांदा विमानात बसवायचं होतं, त्यामुळे मी आणि नवरा फुल एक्साइट. ऑफिसमधून मान वर काढायला फुरसत नव्हती, म्हणून एका एजंटला गाठलं. 'मॅडम, सगळं इन्क्लुडेड आहे, टेन्शन नाही लेने का!' मी टेन्शन घेतलं नाही, फक्त पैसे भरले. चौघांची तिकिटं, माणशी ९५ दिरहम.

गेटवर आम्ही दोघं फोटोत दंग आणि बाबा माहिती वाचण्यात. बाबा फलाटावरच्या सूचनासुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. 'अगं, साठीच्या पुढच्यांना फुकट आहे की इथे!' बाबा ६६ वर्षांचे, आई ६१ची. १८ वर्षांखालच्यांना आणि विद्यार्थ्यांनाही फुकट होतं. आमचे १९० दिरहम, म्हणजे जवळपास चार हजार रुपये, निव्वळ न वाचल्यामुळे गेले. बाबा रागावले नाहीत. फक्त दिवसभर पाण्याची बाटली विकत घेऊ दिली नाही!

पुढे आणखी कळलं. १९५ दिरहममध्ये सलग ३० दिवस कितीही वेळा जाता येत होतं, म्हणजे तीन दिवस जाणाऱ्याला तोच पास स्वस्त. पॅव्हेलियनची वेळ अ‍ॅपवरून आधी फुकटात राखून ठेवता येत होती. हे आम्हाला तासभर रांगेत उभं राहिल्यावर पुढच्या कुटुंबाने सांगितलं. तोवर आईचे गुडघे बोलायला लागले होते.

ओसाकाच्या एक्स्पोने (१३ एप्रिल ते १३ ऑक्टोबर २०२५) तर कमालच केली. मोठ्यांचं एका दिवसाचं तिकीट ७,५०० येनचं, फक्त संध्याकाळचं ३,७००चं. पण तिकीट घेतलं की झालं, असं नाही बॉस! ते आपल्या एक्स्पो आयडीला जोडायचं, मग तारीख, गेट आणि आत शिरायची वेळ निवडायची. गाजलेल्या पॅव्हेलियनसाठी दोन महिने आधी लॉटरी, सात दिवस आधी पुन्हा लॉटरी. उरलंसुरलं तीन दिवस आधी, जो पहिला येईल त्याचं. शेवटच्या आठवड्यांत तर तारखाच उरल्या नाहीत. तिकीट असूनही कित्येकांना आत जाता आलं नाही, आणि पैसेही परत नाहीत. आपली ८ची लोकल आठवली ना?

तर मंडळी, पुढच्या एक्स्पोसाठी ही चेकलिस्ट ऑफिसच्या सॉफ्टबोर्डवर लावा:

• आधी अधिकृत वेबसाइट, मग एजंट. वयाची सवलत, संध्याकाळचं तिकीट, जास्त दिवसांचा पास, सगळं स्वतः वाचा.
• तिकिटावर तारीख आहे, की ती वेगळी राखावी लागते? गेलो नाही तर पैसे परत मिळतात का?
• पॅव्हेलियनचं बुकिंग वेगळं आहे का, आणि कधी सुरू होतं?
• व्हिसा आधी, परत न होणारं तिकीट नंतर.
• शेवटच्या आठवड्यांवर विसंबू नका. 'जाऊ की नंतर' म्हणणारे सगळे तेव्हाच येतात.

बेलग्रेडचा छोटा एक्स्पो १५ मे ते १५ ऑगस्ट २०२७ असा ठरलाय, रियाधचा मोठा १ ऑक्टोबर २०३० ते ३१ मार्च २०३१. परवा रियाधचा विषय काढला, तर बाबांनी लगेच विचारलं, 'तिथे आम्हाला फुकट आहे का गं?'

दुबईचा नियम रियाधला चालेलच असं नाही. 'तिकिटं निघू देत बाबा,' मी म्हटलं, 'या वेळी मी वाचते.'

'दोघंही वाचू,' बाबा म्हणाले.