दान की वेठ?

गाणाऱ्या-वाजविणाऱ्या हौशी तरुणांनी बिदागी न घेता वाजवावे की नाही, हा प्रश्न अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील आमच्या नवदीक्षित कुटुंबांपुढे प्रत्येक यात्रेला आणि प्रत्येक जयंतीला उभा राहतो. "हौसेला मोल कसले?" असे म्हणून त्याची बोळवण केली जाते. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न हौसेचा नाही. माणसाच्या स्वातंत्र्याचा आहे.

फुकट वाजविणे म्हणजे काय, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. गावात लग्न असो वा यात्रा, सनई, डफ आणि हलगी घेऊन उभे राहणे ठरावीक जातींच्या माथी मारलेले होते. हाती पडे ते बलुते, शिळी भाकर आणि वर उपकाराची भाषा. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिले, ते उगाच नव्हे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच गुलामगिरीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठ निषिद्ध ठरविली. अनुसूचित जातींच्या माणसास वेठीला धरणे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरले.

तरीही यात्रेच्या आदल्या दिवशी कोणी निरोप धाडील, "तुमच्या वाडवडिलांचा मान आहे, वाजवायला या." त्यास आमचा सवाल आहे : हा मान आम्ही नाकारला तर चालेल काय? जो नाकारता येतो तो मान. जो नाकारता येत नाही ती वेठ. आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने देवीच्या पालखीपुढे बिदागी घेऊनही वाजवू नये, मग नारळ-टॉवेलावर वाजविण्याची गोष्टच नको.

कोणी विचारील, "मग भीमराव कर्डक आणि मंडळींनी जलसे घेऊन गावोगाव पायपीट केली, ती काय पैशासाठी?" नव्हे. ती चळवळीसाठी होती. कोणा पाटलाच्या हुकमाने ते गेले नाहीत. स्वतःच्या निश्चयाने गेले आणि ज्यांना शब्द वाचता येत नव्हता त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचविला. यालाच दान म्हणतात. दान ही धम्मातील पहिली पारमिता आहे. परंतु दान स्वतंत्र मनुष्य देतो. ज्याच्याकडून काढून घेतले जाते, तो दाता नव्हे.

आता आपल्याच घरात पाहू. १४ एप्रिलच्या जयंतीला वर्गणी गोळा होते. मंडपवाल्याला पैसे मिळतात, डीजेवाल्याला आगाऊ रक्कम मिळते. आणि दिवसाची मजुरी बुडवून, स्वखर्चाने ढोलकीला पान चढवून आलेल्या आपल्याच गायकाला "समाजाचे काम आहे" असे ऐकविले जाते. समाजाचे काम केवळ गरीब कलावंतानेच फुकट करावयाचे काय? नवशिक्याला सराव मिळतो, नाव होते, असे समर्थन करण्यात येते. सराव विहारात करावा, बुद्धपौर्णिमेला आपल्या माणसांत करावा. परंतु नावाने चूल पेटत नाही. आपण गावाची वेठ मोडली, ती आपल्या समितीच्या नावाने पुन्हा सुरू करण्यासाठी नव्हे.

म्हणून प्रत्येक जयंती समितीने खर्चाचा पहिला आकडा कलावंतांचा लिहावा : प्रवास, जेवण आणि मानधन. मानधन आधी हाती द्यावे. त्यानंतर ज्यास ते धम्मकार्यास अर्पण करावयाचे असेल त्याने पावती घेऊन अर्पण करावे. पाकीट हातात आल्यावर परत केले तर ते दान. पाकीट आलेच नाही तर ती लूट.

आपल्या गाण्याची किंमत आपण जाणली नाही, तरी विरोधक ती जाणून आहेत. याच जिल्ह्यात, शिर्डी येथे, मे २०१५ मध्ये बाबासाहेबांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून झालेल्या वादात एका दलित तरुणाचा खून झाला. ज्या गाण्यासाठी आपल्या तरुणाला प्राण द्यावे लागतात, ते गाणे फुकट कसे?

दीक्षितांनो, हुकमाने वाजवू नका. इच्छेने द्या, आणि मोल ठरवून घ्या. जय भीम!