सुरावटीचे धनी कोण?

ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) या कृष्णवर्णीय अमेरिकी जॅझ-वाद्यवृंदनायकाचे गुणगान सर्वत्र होते. त्यांच्या वादकांचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. ‘कॅराव्हॅन’ ही १९३६ ची गाजलेली रचना मुळात ह्वान टिझोल या प्वेर्तो रिकोच्या ट्रॉम्बोनवादकाची. तिचे हक्क त्यांनी अवघ्या २५ डॉलरना विकले, असे सांगितले जाते. रचनाकार म्हणून एलिंग्टन यांचे नाव लागले आणि व्यवस्थापक अर्विंग मिल्स यांचेही! श्रम एकाचे नि मालकी दुसऱ्याची, हा व्यवहार कामगार चळवळीला नवा नाही.

तथापि एलिंग्टन यांना गिरणीमालकांच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे वाद्यवृंद एकामागून एक मोडले. त्यांनी मात्र स्वतःच्या रॉयल्टीची रक्कम ओतून वादकांचे पगार चालू ठेवले. ही दानत निःसंशय मोठी. पण पगार नायकाच्या मर्जीवर आणि रचनेचा हक्क कागदोपत्री दुसऱ्याकडे, ही वादकाची स्थिती तिने पालटली नाही. सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेस १९५१ मध्ये बाहेर पडले, स्वतःचा वृंद काढून बसले आणि १९५५ मध्ये परतले. बाहेर बारमाही पगार देणारा होताच कोण?