पापलेटचे वय

परवा वसईच्या बाजारात इवल्या पापलेटांचे वाटे मांडलेले दिसले. भावही परवडणारा. आमच्यात लगेच दोन पक्ष पडले. मोठे पापलेट एरवी आपल्या ऐपतीत कुठे, हा एक. ही तर पिल्ले आहेत, हा दुसरा. धाकट्याच्या दप्तरातली 15 सेंटिमीटरची पट्टी काढून लावली. मासा 12 वरच संपला.

2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केले आणि त्याच वर्षी 54 प्रकारच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले. पापलेट 13.5 सेंटिमीटर, बोंबील 18, सुरमई 37. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक बंदरांवर उतरलेली मासळी मोजतात, त्यातून हे आकडे निघाले. माशाने निदान एकदा अंडी घालावीत, एवढाच हिशेब.

वयाची खूण माशाच्या डोक्यातच असते. ढोम्याचे डोके खाताना दाताखाली पांढरा खडा येतो ना, तो त्याच्या कानातला. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळे दिसतात. न्यूझीलंडजवळच्या खोल, थंड पाण्यातला ऑरेंज रफी शंभरी ओलांडतो हे अशाच खड्यांवरून कळले. तोवर जहाजांनी त्याचे थवे उपसून टाकले होते.

आपल्याकडे लांबी, वय आणि पाण्याची खोली एकत्र मांडली तर पिल्लांचे घर किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात निघते. पापलेट वाढते तसे खोलाकडे सरकते. आणि नेमक्या त्या उथळ पाण्यात आपल्या कोळी बांधवांची डोल उभी असते. भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून बांधलेले हे पिशवीसारखे जाळे. जवळा-बोंबलासाठी त्याचे शेवटचे आस बारीक ठेवावे लागतात. जाळ्याला कायदा वाचता येत नाही. जवळ्याबरोबर पिल्लूही आत येते, आणि वर काढेपर्यंत बहुधा मेलेले असते. म्हणून सगळा दोष कोळ्यावर टाकणे आम्हाला पटत नाही. पिल्लांच्या दिवसांत डोल कुठे लावायची नाही, हे ठरवायला असा नकाशा बंदराबंदरावर पोहोचला पाहिजे. आणि वाट्याला गिऱ्हाईक आपणच आहोत.

सूरह माइदाने समुद्राची शिकार हलाल केली. आम्हा शाफई कोकण्यांना कोळंबीचीही चिंता नाही. पण सूरह रहमानमध्ये मीजान राखण्याची ताकीदही आहे, आणि ती तराजू फक्त वाण्याच्या दुकानापुरती आहे असे आम्हाला वाटत नाही.

त्या दिवशी आम्ही बोंबील घेतले. मोजायला गेलो तर 15 ची पट्टी 18 ला पुरेना. कोळीण मावशी हसल्या, “पट्टी कशाला, वीत लावा की!”