घरप्रपंच : टोमॅटोचे सूप

सन २०२३ चा टोमॅटो वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात बहुतेक शहरांत किलोचा भाव शंभर रुपयांच्या पलीकडे गेला. केंद्र सरकारला दिल्लीसारख्या शहरांत सवलतीच्या दराने टोमॅटो विकावा लागला. पुढे दोनच महिन्यांत नाशिककडच्या बाजारांत घाऊक भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटेना. शेतकऱ्यांनी भरलेले क्रेट रस्त्यावर ओतले. असे प्रसंग पूर्वीही घडले आहेत व पुढेही घडतील. कारण पिकलेला टोमॅटो चार-आठ दिवसांपलीकडे वाट पाहत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या आठवड्यात टोमॅटो मातीमोल होतो, त्याच आठवड्यात आपल्या घरातील तापकऱ्यासाठी दुकानातून सुपाचे पाकीट आणले जाते. ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. आपली जांबोटी भाताची आणि पावसाची. टोमॅटो आपल्याला बहुधा खानापूर-बेळगावच्या बाजारातूनच आणावा लागतो. तरी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणाऱ्या भाजीच्या गाड्या आपल्याच गावावरून जातात. मग पाकिटाची गरज का पडावी?

पाकीट व डबा यांस आम्ही सरसकट नावे ठेवीत नाही. १८९७ साली अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीतील जॉन डॉरन्स या तरुण रसायनशास्त्रज्ञाने सुपातील बरेचसे पाणी काढून ते लहान डब्यात भरण्याची रीत बसविली. डबा हलका झाला, स्वस्त झाला आणि दिवसभर राबणाऱ्या कुटुंबांची सोय झाली. परंतु विकत घेण्यापूर्वी पाकिटाच्या पाठीवरील यादी अवश्य वाचावी. जो घटक वजनाने अधिक, तो यादीत आधी छापला पाहिजे, असा आपल्या देशातील नियम आहे. टोमॅटो कितव्या जागी आहे आणि पीठ, साखर व मीठ कितव्या, हे ज्याने त्याने स्वतःच पाहावे. प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाचा रोगी ज्या घरात आहे, तेथे हा हिशेब क्षुल्लक नव्हे.

‘सूप’ म्हटले की आपल्या घरी धान्य पाखडण्याचे सूप आठवते. परंतु संस्कृतातही वरणासारख्या पातळ पदार्थास सूप म्हणतात. शिवाय टोमॅटोचे सार आपल्या गृहिणींस ठाऊक आहेच. ज्या हातांना सार जमते, त्यांना सूप अवघड जाणार नाही.

पाच माणसांसाठी एक किलो तांबडेलाल, पिकलेले टोमॅटो घ्यावेत. किंचित मऊ पडलेले चालतील. बुरशी आलेले मात्र टाकून द्यावेत. पातेले स्टीलचे अगर कल्हईचे असावे. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. पातेल्यात चमचाभर तूप अगर लोणी घालून एक चिरलेला कांदा व तीन-चार लसूणपाकळ्या मंद विस्तवावर मऊ होऊ द्याव्यात. करपू देऊ नयेत. मग टोमॅटोच्या फोडी, एक लहान गाजर, पाच-सहा मिरे, कोथिंबिरीचे देठ व दोन-तीन पेले पाणी घालून झाकण ठेवावे. वीस-पंचवीस मिनिटांत सर्व शिजून एकजीव होते. थोडे निवल्यावर ते चाळणीत घेऊन पळीच्या पाठीने रगडावे. साल व बिया वर राहतील, त्या परसातील केळीच्या आळ्यात टाकाव्यात.

गाळलेला रस पुन्हा उकळावा. दाटपणासाठी मैदा किंवा मक्याचे पीठ मुद्दाम आणावयास नको. चमचाभर तांदळाचे पीठ थंड पाण्यात कालवून लावावे, अथवा वाटीभर पेज घालावी. आंबटपणा बोचत असेल तर सुपारीएवढा गूळ पुरे. सोडा कदापि घालू नये. त्याने चव बिघडते आणि ‘क’ जीवनसत्त्वाचा अधिक नाश होतो. मीठ सर्वांत शेवटी, चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे प्रत्येकाच्या वाटणीस साधारण एक ग्रॅम येते. दूध घालावयाचे असल्यास पातेले खाली उतरवून थोडे थोडे घालावे. उकळत्या रसात ते फाटते.

तुपाचा तो एक चमचा केवळ चवीपुरता नाही. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन नावाचे द्रव्य स्निग्ध पदार्थात विरघळते. टोमॅटो शिजवून तुपासंगे खाल्ला असता ते शरीरास अधिक लाभते. शिजविताना ‘क’ जीवनसत्त्व काही अंशी कमी होते, म्हणून जेवणात एखादी कच्ची फोडही असू द्यावी.

एक सावधगिरीची सूचना. टोमॅटोत पोटॅशियम पुष्कळ असते. ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे, त्यांना डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे सूप देऊ नये. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनीही बेताने घ्यावे. इतर आजाऱ्यांस, तोंडाची चव गेलेल्या वृद्धांस आणि पावसात भिजून शाळेतून आलेल्या मुलांस ते ऊन ऊन द्यावे. सोबत भाकरीचा किंवा पावाचा तुकडा असावा.

भाव पडलेल्या आठवड्यात शक्य असेल त्या घराने चार-पाच किलो टोमॅटो एकदम घ्यावेत, तेही होता होईल तो शेतकऱ्याच्याच हातून, आणि पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. शिजवून गाळलेला रस आटवून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास महिना-दोन महिने सहज टिकतो. फ्रीज नसेल त्यांनी शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये एक डबा ठेवण्याची परवानगी मागावी आणि त्यांच्या घरीही एक पातेले सूप पाठवावे. पुढे भाव कडाडला तरी आपल्या आजाऱ्याची वाटी रिकामी राहणार नाही, आणि एका शेतकऱ्याचे दोन क्रेट तरी रस्त्यावर जाण्याचे टळतील.