थम्स अप केलं आणि थेट वर!

तारकर्ली ट्रिपचा 'तो' फोटो तुमच्याकडेही असणारच. काळा वेटसूट, तोंडात नळी, फुगलेले गाल, मागे दोन-चार पट्टेरी मासे आणि हाताने केलेली 'ओके'ची खूण. माझा मात्र हा फोटो दुसऱ्या प्रयत्नात निघालाय. पहिल्यांदा कॅमेरा समोर आला आणि मी सवयीने अंगठा वर केला. मला म्हणायचं होतं, 'सॉल्लिड!' पण डायव्हिंगच्या भाषेत अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. झालं! इन्स्ट्रक्टरने इमानदारीत मला थेट होडीपाशी आणून सोडलं. "ताई, अंगठा नाय दाखवायचा. असा गोल करायचा, गोल!"

संध्याकाळी फोटो मोबाइलवर आला आणि दुसरा धक्का बसला. खास ट्रिपसाठी लावलेलं माझं लालचुटूक नेलपॉलिश चक्क काळपट दिसत होतं! दोष नेलपॉलिशचा नाही, पाण्याचा. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. चार-पाच मीटर खाली गेलात की लाल जवळपास संपतो, मग केशरी, मग पिवळा. उरतो तो निळा-हिरवा. म्हणून पाण्याखालचे फोटोग्राफर स्वतःचा उजेड बरोबर नेतात. कुठला रंग परत आणायचा आणि काय अंधारात ठेवायचं, हे तेच ठरवतात. आता सांगा, ही नुसती फोटोग्राफी झाली की आर्ट?

हा प्रश्न तसा जुनाच. १८९३ साली लुई बुताँ नावाच्या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात कॅमेरा उतरवला तेव्हा त्याला फक्त अभ्यास करायचा होता. पण १९४७ मध्ये टोनी फ्रिसेल या फोटोग्राफरने फ्लोरिडातल्या एका झऱ्यात पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी तरंगत ठेवली आणि खालून क्लिक केलं. मूळचा फॅशनचा फोटो, पण आजही तो बघताना क्षणभर कळत नाही, ही झोपलीय, उडतेय की बुडतेय. २००६ मध्ये जेसन डीकेअर्स टेलर या ब्रिटिश शिल्पकाराने ग्रेनाडाजवळ समुद्राच्या तळाशी शिल्पंच मांडली. त्यांच्यावर स्पंज, प्रवाळ वाढत जातात आणि शिल्पाचा चेहरा बदलत राहतो. गंमत म्हणजे आपल्यासारखे बहुतेक लोक ती शिल्पं फक्त फोटोतच बघणार. म्हणजे फोटो नसता तर आपल्यापुरती ती कलाकृतीही नसती! आपल्याकडे सुमेर वर्माने शार्क-व्हेलपासून पाण्याखालच्या फॅशन शूटपर्यंत बरंच काही टिपलंय.

हे सगळं मी उत्साहाने घरी सांगत होते. घर म्हणजे नायगाव. (वसईच्या अलीकडचं नव्हे, दादरचं!) बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. "ते मालदीव-बिलदीव ठीक आहे. आपल्या मुंबईच्या पाण्याखाली काय मिळणार तुला? प्लास्टिकच्या पिशव्या!"

बोलती बंद. कारण खरंच, आपला समुद्र गढूळ. हात पुढे केला तर बोटं दिसायची मारामार.

पण मुंबईत पाण्याखाली बघायला डायव्हिंग करावंच लागत नाही, पाणीच मागे सरकतं! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा ओहोटीही तेवढीच मोठी. एरवी बुडलेले खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत फूटभर नितळ पाणी उरतं. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम लोकांना अशा वेळी किनाऱ्यावर फिरवतो आणि दिसेल त्या जिवाचे फोटो नोंदवून ठेवतो. प्रदीप पाताडे हे त्यामागचं एक नाव.

मग काय, फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे बाबांना उठवलं. दादरहून लोकल, चर्नी रोडला उतरून पूल ओलांडला की गिरगाव चौपाटी. वॉटरप्रूफ पाउचमधला मोबाइल एका डबक्यात हळूच बुडवला. स्क्रीनवर एक सी-अॅनिमोन पाकळ्यांसारखे हात हलवत होता. शेजारून एक खेकडा दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन चालला होता, भाड्याच्या घरातून सामान हलवल्यासारखा. अॅनिमोनला टेकून वेफर्सचं चकचकीत पाकीट होतं. मी ते बाजूला केलं आणि क्लिक केलं. सुंदर!

बाबांनी फोटो बघितला. म्हणाले, "पाकीट का काढलंस? आधी होतं तेच खरं होतं ना."

मी गप्प. कारण मी तारकर्लीच्या फोटोतली निळाई गिरगावात शोधत होते. पोस्टकार्डासारखा फोटो कुठल्याही समुद्राचा असू शकतो. पाकिटासकटचा फोटो फक्त आपला. पाकीट उचलायचं नक्की, पण आधी फोटो काढून!

हे एवढं मनाला लावून घेण्याचं कारण हाजीअली. तिथल्या आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत होतं? कायद्याने प्रवाळ वाघाच्या पंगतीत बसतात, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये. कोस्टल रोडच्या कामात येत होत्या म्हणून २०२० मध्ये इथल्या १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या गेल्या. रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मीही त्यावरून जाते, वेळ वाचतो, खोटं कशाला बोलू? पण भरावाखाली गेलेल्या खडकांवर आणखी काय काय होतं, हे आता जुन्या फोटोंतच बघायला मिळणार. माझ्याकडे त्यातला एकही नाही. शेकडो वेळा तिथून गेलेय, सेल्फी काढलेत, पण खाली वाकून कधी बघितलंच नाही.

तर मंडळी, कॅलेंडरवर पुढची पौर्णिमा बघा आणि नेटवर भरती-ओहोटीची वेळ. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, शेवाळावर न घसरणारे बूट घाला, दगड उलटू नका, जिवांना हात लावू नका आणि पाणी चढायला लागलं की मुकाट्याने परत फिरा. महागडा कॅमेरा नसला तरी चालेल.

बाबांनी पुढच्या ओहोटीची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवलीय. अंगठा नाही, गोल!