विश्लेषण : गाइडशी असहमत असलेला विद्यार्थी हे कुणाचे यश?

‘संस्कृतींचा संघर्ष’ हा शब्दप्रयोग जगभर रुळवणारे सॅम्युएल हंटिंग्टन (१९२७-२००८) हार्वर्ड विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे सिद्धान्त वादग्रस्त ठरले. मात्र त्यांच्या विद्यार्थ्यांची वाटचाल आपल्याकडील पीएचडी व्यवस्थेला बरेच काही सांगणारी आहे.

विद्यार्थी कोण, संशोधन काय?

हंटिंग्टन यांच्याकडे शिकलेल्या फ्रान्सिस फुकुयामा यांनी हार्वर्डमधून पीएचडी केली. पश्चिम आशियात हस्तक्षेप करण्याच्या सोव्हिएत धमक्या, हा त्यांचा विषय. मुंबईत जन्मलेले फरीद झकारिया यांनी १९९३ मध्ये तेथेच पीएचडी मिळवली. अमेरिका श्रीमंत होऊनही जगाच्या राजकारणात तिचा विस्तार उशिरा का झाला, हा त्यांचा प्रश्न होता. देशाकडे पैसा असून भागत नाही, तो वापरण्याची ताकद सरकारकडे असावी लागते, हे त्यांचे उत्तर १९९८ मध्ये पुस्तकरूपाने आले. दोघांचेही प्रश्न नेमके आणि पुराव्याने तपासता येण्याजोगे होते.

गुरू-शिष्यांत वाद कोणता?

उदारमतवादी लोकशाहीला आता तुल्यबळ पर्याय उरला नाही, असे फुकुयामांनी १९८९ मध्ये मांडले. हंटिंग्टन यांनी १९९३ मध्ये नेमकी उलट भूमिका घेतली : यापुढचे संघर्ष संस्कृतींमध्ये होतील. ‘फॉरेन अफेअर्स’ या नियतकालिकात तो लेख आला, तेव्हा त्याचे व्यवस्थापकीय संपादक झकारिया होते. तरीही हंटिंग्टन यांच्या १९६८ च्या ग्रंथाची नवी आवृत्ती २००६ मध्ये निघाली, तेव्हा प्रस्तावना फुकुयामांनीच लिहिली. वाद झाला, पण नाते तुटले नाही.

आपल्याकडे काय मोजले जाते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, तर सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती गेली. वाङ्मयचौर्याची तपासणी मात्र होते. पण सॉफ्टवेअर उसनी वाक्ये पकडते. उसना विचार त्याला दिसत नाही. गाइडचेच मत नव्या आकडेवारीसह मांडणारा प्रबंध या चाळणीतून सहज पार होतो.

दोष विद्यार्थ्याचा नाही. पाठ्यवृत्ती, प्रगती अहवाल, प्रबंध सादर करणे, सगळीकडे गाइडची सही लागते. अशा वेळी ‘सर, हे पटत नाही’ म्हणणे महागात पडू शकते.

मग उपाय काय?

मतभेदासाठी मतभेद म्हणजे संशोधन नव्हे; पुरावा हवाच. पण पुरावा गाइडच्या मताविरुद्ध गेला, तर तो मांडण्याची मुभाही हवी. मौखिक परीक्षेत एक प्रश्न सक्तीचा करावा : ‘तुमच्या मार्गदर्शकाचे कोणते मत तुमच्या संशोधनाने बदलायला लावले?’ त्याचे उत्तर विद्यार्थ्याने गाइडसमोरच द्यावे. ते न बिचकता देता आले, तर श्रेय दोघांचेही.