दया नव्हे, विद्या

आमच्या सुशिक्षित समाजाला एक जुनी खोड आहे. ज्याचें मोल द्यावयाचें नसतें, त्याची तो पूजा करतो. परिचारिकेला आम्ही सेवेची मूर्ति म्हणतों, दरवर्षीं १२ मे रोजीं फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनीं तिला फुलें देतों, आणि ऋण फिटलें असें समजून घरीं जातों. या स्तुतीला माझा स्पष्ट विरोध आहे. कारण ती परिचारिकेची विद्याच नाकारते.

वाचकांनीं एक प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेयेस झरी-जामणी, मारेगांव, केळापूर हे तालुके. नैर्ऋत्येस पैनगंगेकांठचें उमरखेड, जिल्ह्याच्या ठाण्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर. अशा एखाद्या दूरच्या गांवाहून आठव्या महिन्यांतील पहिलटकरीण रात्रीं तातडीच्या विभागांत येते. "सिस्टर, डोकं लय दुखून राह्यलं, डोयापुढं अंधारी येते," ती म्हणते. सोबतचीं माणसें म्हणतात, पहिली खेप आहे, घाबरली. परिचारिकेनें अशा वेळीं पाठीवरून हात फिरवला, कीं आम्ही तिला धन्य म्हणूं. पण जाणती परिचारिका आधीं रक्तदाब मोजते, चेहऱ्यावरची सूज पाहते, लघवींतील प्रथिन तपासते आणि डॉक्टरांस उठविते. ती केवळ भीति नसून येऊं घातलेल्या आंकडीची सूचना असूं शकते, हें तिला ठाऊक असतें. सुमारें १०,००० स्त्रियांवर झालेल्या मॅग्पाय चाचणीचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. मॅग्नेशियम सल्फेटनें आंकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो, असें त्यांत दिसून आलें. औषध स्वस्त आहे. पण गर्भिणीच्या काळजींतला रोग ओळखणारें कोणी तेथें हवें.

कोणी म्हणेल, धीर देणें हें परिचारिकेचें काम नव्हे काय? आहेच, पण "घाबरूं नको" एवढ्यानें धीर येत नाहीं. काय तपासलें, काय आढळलें, पुढें काय करणार, हें कोलामी वा बंजारा स्त्रीला समजेल अशा बोलींत सांगावें लागतें. त्याला ज्ञान लागतें आणि वेळहि लागतो. एकाच पाळींत साऱ्या विभागाचा भार वाहणारीनें तो वेळ कोठून आणावा?

२०१८-२० या काळांत महाराष्ट्रांतील मातामृत्यूचें प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागें ३३ होतें, देशाचें ९७. आम्हांस याचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तहि आहे. पण सरासरीच्या आंकड्यांत दूरच्या पोडांची वाट दिसत नाहीं.

१९०९ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनानें रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं घरंदाज स्त्रियांना परिचर्येचें शिक्षण देऊं केलें. त्याला शतक लोटलें. तरीहि आमच्या घरांत मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वाटतात, आणि परिचारिका झाली तर कारण सांगत बसतात. ज्या विद्येवर आमच्या लेकीसुनांचे प्राण अवलंबून, ती स्वतःच्या लेकीनें घेऊं नये, हा कुठला न्याय?

तेव्हां यंदा फुलें राहूं द्यावीं. त्याऐवजीं रात्रपाळीला जोडीस दुसरी परिचारिका मागावी, तिच्या निदानाला मान द्यावा, आणि तिला देवी न म्हणतां तज्ज्ञ म्हणावें.